काम आपोआप बोलत नाही

हवामान बदलावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना पत्रकारांशी बोलायला शिकवावं, असं कुणी सुचवलं की आपल्या विद्यापीठांमध्ये नाकं मुरडली जातात. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत राहावं, त्याचं काम बोलतं. वर्तमानपत्रवाले अर्धं ऐकतात आणि हवं ते छापतात, मग त्यांच्या नादी कशाला लागायचं? तरुणांनी आधी पेपर लिहावेत, नोकरीत कायम व्हावं. बोलायला ज्येष्ठ मंडळी आहेत. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला शास्त्रज्ञ आज ना उद्या चळवळ्या होतो. आणि असली प्रशिक्षणं म्हणजे अनुदानाची उधळपट्टी. हे वाराणसीत ऐकू येतं, पुण्यात ऐकू येतं, मुंबईतही ऐकू येतं. आणि चार पावसाळे पाहिलेल्या माणसाचा सल्ला म्हणून ते विद्यार्थ्यांना दिलं जातं. मला या मताचा संताप येतो, कारण त्याची किंमत ते मांडणारे कधीच मोजत नाहीत.

ती कोण मोजतं? वाराणसीहून गंगेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की गाझीपूर लागतं आणि मग बलिया. जून २०२३च्या मध्यावर बलियाच्या जिल्हा रुग्णालयात तीन दिवसांत पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. बहुतेक वृद्ध, त्यातले बरेच आधीपासून आजारी. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर होता. रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांनी पत्रकारांसमोर उष्णतेचं नाव घेतलं. त्यांना पदावरून हटवण्यात आलं. उष्णतेच्या मृत्यूंबद्दल निष्काळजी विधान केलं, असं कारण देण्यात आलं. लखनौहून पथक आलं. शेजारच्या जिल्ह्यांतही एवढंच ऊन आहे, तिथे माणसं अशी मरत नाहीत, तेव्हा हे उष्णतेचं दिसत नाही, कदाचित पाण्यात काही असेल, असा सूर निघाला.

हा युक्तिवाद ऐकून कुठल्याही हवामान-आरोग्याच्या अभ्यासकाच्या मनात प्रश्नांची रांग लागते. शेजारच्या जिल्ह्यांत मृत्यू झाले नाहीत, की कुणी मोजले नाहीत? उष्णतेने गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते, मूत्रपिंड निकामी झाल्याची होते. ऊन कागदावर येतच नाही. रात्री हवा निवते का, हवेत दमटपणा किती, घरात पंखा चालण्याइतकी वीज आहे का, यावर दोन शेजारी गावांतला फरक ठरतो. हे सगळं ज्ञान बलियापासून काही तासांच्या अंतरावर उपलब्ध आहे. बनारस हिंदू विद्यापीठात वैद्यकीय संस्था आहे, पर्यावरण आणि शाश्वत विकासाची संस्था आहे, केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभं राहिलेलं हवामान बदलाचं ‘महामना’ उत्कृष्टता केंद्र आहे. गंगेच्या मैदानातल्या उष्णतेवर, पावसावर, पिकांवर तिथे प्रबंध लिहिले जातात. ते लिहिणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुला-मुलींना हे दोन परिच्छेद वार्ताहराला सांगण्याची तयारी कुणी करून दिली आहे? एका डॉक्टरने एकट्याने बोलायचं आणि एकट्याने शिक्षा भोगायची, हेच आपल्याला मान्य आहे का?

‘पाहा, बोललं की असं होतं’ असं म्हणून बलियाचा दाखला माझ्याविरुद्धच वापरला जाईल. मी म्हणतो, तो डॉक्टर एकटा होता म्हणून असं झालं. त्याच दिवशी दहा अभ्यासकांनी नावानिशी तेच शास्त्र समजावून सांगितलं असतं, तर त्याला दूर करणं इतकं सोपं गेलं असतं का? पुढच्याच वर्षी, १ जून २०२४ला, लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान झालं. वाराणसीचं मतदान त्याच दिवशी होतं. त्या टप्प्यात उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरचे ३३ कर्मचारी उष्णतेने मृत्युमुखी पडल्याचं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितलं. बलियानंतर एका वर्षात जी समज तयार व्हायला हवी होती, ती झालीच नाही.

आता ‘काम बोलतं’ या लाडक्या वाक्याकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला भारतातल्या हवामान बदलाचा मोठा अहवाल २०२० साली पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं त्यात आहे. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि ही घट ठळकपणे दिसते ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. म्हणजे काशीच्या आणि सह्याद्रीच्या नशिबी एकच गोष्ट आली आहे. अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो. पण तो इंग्रजीत आहे, शेकडो पानांचा आहे आणि शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिला आहे. चंदौलीच्या भातशेतकऱ्याला किंवा वेल्ह्याच्या शेतकऱ्याला तो आपोआप कळेल? कामाला तोंड नसतं. कुणीतरी ते वाचून, समजून, त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाशी जोडून सांगावं लागतं. आणि ज्याने ते काम केलं, त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला आहे?

बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात वाढलेल्या एका मराठी मुलाने हे फार लवकर ओळखलं होतं. त्याचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे विभागप्रमुख होते. जयंत नारळीकरांचं शिक्षण तिथेच झालं आणि १९५७ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. फ्रेड हॉयल यांच्याबरोबरच्या सिद्धांताने तरुण वयातच त्यांचं नाव जगभर झालं, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण मिळालं. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तेव्हा या माणसाने ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली. स्वतःच्या नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये, आपल्याला सामान्य वाचकासाठी लिहिता येतं का हे खऱ्या अर्थाने कळावं, एवढी ती काळजी. पुढे आयुष्यभर ते मराठीत लिहीत राहिले, सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत राहिले आणि उत्तरं देत राहिले. १९९६ साली युनेस्कोचं कलिंग पारितोषिक त्यांना मिळालं ते यासाठीच. त्यांचं काम जगात गाजत होतं. तरीही ते आपोआप मराठी मुलांपर्यंत जाईल, असं त्यांनी कधी मानलं नाही. लोकांशी बोलल्याने त्यांचं खगोलशास्त्र पातळ झालं, असं म्हणायची हिंमत कुणात आहे? आजच्या पिढीत पुण्याच्या त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आहेत. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दाखवणारा २०१७चा अभ्यास त्यांच्या नेतृत्वाखालचा, आणि तेच पत्रकारांशी सतत, सोप्या भाषेत बोलतात. ‘असे एखाददुसरेच असतात’ हे उत्तर मला नको आहे. एखाददुसरे आहेत म्हणूनच बाकीच्यांना शिकवायचं.

विपर्यासाचा आक्षेप मात्र गंभीरपणे तपासायला हवा, कारण त्याच्यामागे एक खरी जखम आहे आणि ती गंगेच्याच उगमाकडची आहे. १९९९ साली एका विज्ञान साप्ताहिकात एका भारतीय हिमनदी-अभ्यासकाशी झालेल्या बोलण्याच्या आधारे बातमी आली. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असा त्यातून अर्थ निघाला. हा आकडा कुठल्याही तपासून घेतलेल्या शोधनिबंधात नव्हता. तो २००५ साली एका पर्यावरण संघटनेच्या अहवालात गेला आणि तिथून २००७ साली हवामान बदलावरच्या आंतरशासकीय पॅनेलच्या चौथ्या अहवालात जाऊन बसला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या टिपणात नोव्हेंबर २००९मध्ये वेगळं चित्र मांडलं, तेव्हा पॅनेलच्या अध्यक्षांनी ते तुच्छतेने झिडकारलं. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१०मध्ये, पॅनेलला चूक मान्य करून खेद व्यक्त करावा लागला. हवामान बदल हेच थोतांड आहे, असं म्हणणाऱ्यांना जगभर त्यातून फुकटचं खाद्य मिळालं.

यातून धडा कोणता घ्यायचा? गप्प बसण्याचा? सगळी साखळी पुन्हा एकदा पाहा. वार्ताहराने ‘कधी?’ असं विचारलं, हा त्याचा धर्मच आहे. या प्रश्नाला उत्तर म्हणून एक साल तोंडातून गेलं की ते साल परत येत नाही, हे शास्त्रज्ञाला ठाऊक असायला हवं. नंतर तो आकडा बातमीतून अहवालात गेला तो वार्ताहरांच्या हातून नव्हे, तो शास्त्रज्ञांच्याच नजरेखालून गेला. आणि चूक उघड झाली तेव्हा ‘साल चुकलं आहे, पण हिमनद्या मागे हटत आहेत हे खरं आहे’ हे एका वाक्यात ठामपणे सांगणाऱ्यांचा आवाज पुरेसा नव्हता. या प्रत्येक टप्प्यावर चूक झाली ती संवादाच्या कौशल्यात. आणि खरं उत्तर काही कमी भीतीदायक नाही. हिंदुकुश-हिमालयाच्या २०१९च्या मोठ्या आढाव्यानुसार, जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या हिमनद्यांचा किमान एक तृतीयांश भाग जाईल. नेमकं सांगितलं असतं तर अतिशयोक्तीची गरजच नव्हती.

वाराणसीत हवामानावर काम करणाऱ्या कुणालाही हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे, ‘गंगा आटणार का?’ न शिकलेला संशोधक दोनपैकी एक करतो. गोंधळून अर्धा तास बोलतो, किंवा मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो की गंगोत्री वितळली, गंगा संपणार. शिकलेला संशोधक काय सांगेल? पावसाळ्यात काशीला दिसणारं पाणी मुख्यतः मॉन्सूनचं असतं. २०१०च्या एका गाजलेल्या अभ्यासाप्रमाणे गंगेच्या खालच्या प्रवाहात बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्याचा वाटा सुमारे दहा टक्के. उन्हाळ्यात नदीला जमिनीतून पाझरणारं पाणी तगवतं. वर हरिद्वारला, बिजनौरला, नरोराला पाणी कालव्यांत वळवलं जातं आणि विंधनविहिरी भूजल उपसतात, तेव्हा घाटापुढचा वाळूचा पट्टा रुंद होतो. चार वाक्यांत हे सांगता येतं. पण ती चार वाक्यं आधी घोटावी लागतात, कॅमेऱ्यासमोर म्हणून पाहावी लागतात. हे शिकवण्यात उधळपट्टी कुठे आहे?

पुराचंही तेच. ऑगस्टमध्ये नदी चढली की धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, पाणी किती सेंटिमीटर खाली, हे वाहिन्या तासातासाला सांगतात. मणिकर्णिकेचे अंत्यविधी गच्चीवर जातात, आरतीची जागा वर सरकते, चित्रं सगळ्यांना मिळतात. मग प्रश्न येतो, हा पूर हवामान बदलामुळे का? तयार माणूस आधी खरं सांगेल, की वाराणसीतला विक्रमी पूर अजूनही १९७८चाच आहे, ७३.९०१ मीटरचा. एका पुराने काही सिद्ध होत नाही, असंही सांगेल. आणि मग सांगेल, की तापलेली हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाचा धोका वाढतो आहे. विश्वास असाच कमावता येतो. गैरसोयीचं सत्यही आपणच आधी सांगून.

आपल्याकडेही याची किंमत मोजून झाली आहे. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात भर उन्हात पुरस्कार सोहळा झाला आणि १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान अडतीस अंशांच्या आसपास होतं. विदर्भातला माणूस अडतीसला हसेल. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होतो, हे किती आयोजकांना, किती पत्रकारांना ठाऊक होतं? भारत आणि बांगलादेशातल्या त्या एप्रिलच्या दमट उष्णतेची शक्यता हवामान बदलामुळे किमान तीस पटींनी वाढली होती, असं आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने पुढच्याच महिन्यात दाखवलं. तोवर चिता विझल्या होत्या.

प्रशिक्षणाने काही होत नाही, म्हणणाऱ्यांनी अहमदाबादकडे पाहावं. मे २०१०मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. दिलीप मावळंकर आणि सहकाऱ्यांनी महापालिकेबरोबर उष्णता कृती आराखडा आखला. २०१३ साली तो लागू झाला, दक्षिण आशियातला पहिला. तापमानाचा अंदाज, रंगांचे इशारे, डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण आणि वर्तमानपत्रं, रेडिओ, फलक, मोबाइल यांतून लोकांपर्यंत सूचना. त्यात महागडं यंत्र नव्हतं. माहिती असणाऱ्याने वेळेवर, समजेल असं बोलायचं, हाच त्याचा कणा होता. आराखड्याने वर्षाला अकराशेहून अधिक मृत्यू टळले, असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. ज्याला हे ‘प्रसिद्धी’ वाटतं, त्याने या संख्येसमोर आपला मुद्दा पुन्हा मांडून दाखवावा.

काही कार्यशाळांत उद्घाटन, शाली आणि समूहछायाचित्रातच निम्मा दिवस जातो, हे मला मान्य आहे, आणि हा एवढाच मुद्दा मी सोडतो. वाईट प्रशिक्षणावर उपाय चांगलं प्रशिक्षण हाच आहे. चांगल्या प्रशिक्षणात संशोधकाला कॅमेऱ्यासमोर उभं करतात, आडवे प्रश्न विचारतात आणि चित्रफीत त्यालाच दाखवतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान चाळीस आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट पंचेचाळीस असलं की हवामान विभाग उष्णतेची लाट म्हणतो. या व्याख्येत न बसणारं ऊनही मारू शकतं, हे एका श्वासात सांगायचा सराव होतो. चारला फोन आला तर सातच्या आत बातमी जाते, तेव्हा उद्या मेल करतो म्हणणं म्हणजे नकारच, हे समजतं. ‘हे मला ठाऊक नाही, पण अमक्यांना ठाऊक आहे’ असं न लाजता म्हणता येतं. आणि हे सगळं हिंदीत, शक्य तर भोजपुरीत. त्यासाठी शहरातल्या वार्ताहरांना त्याच खोलीत बसवायचं, कारण त्यांनाही शिकायचं असतं. ज्या काशीत एका मराठी घरात जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी १९२०मध्ये निघालेल्या ‘आज’मधून हिंदी पत्रकारितेला घडवलं, त्या शहरातल्या पत्रकाराला सरसकट उथळ ठरवण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

ज्येष्ठ बोलतील, तरुणांनी थांबावं, हे तर सर्वांत अन्यायाचं. शेतात तापमापक घेऊन उभी असते ती संशोधक विद्यार्थिनी. तिचा आकडा ताजा, तिची भाषा गावकऱ्याची. पुढची चाळीस वर्षं या तापत्या मैदानात जगायचं आहे तेही तिलाच. सरकारी नियमांचा धाकही मोठा करून सांगितला जातो. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतला आठवा नियम कर्तव्याच्या ओघात प्रामाणिकपणे माध्यमांत सहभागी होऊ देतो. मत आपलं वैयक्तिक आहे एवढं स्पष्ट करायचं असतं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०२२च्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या मार्गदर्शक सूचना तर वैज्ञानिकाने वर्षाला किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा धरतात. गप्प राहणं सुरक्षित असतं, हाही भ्रमच. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठ खचत असताना बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर जमीन खाली गेल्याची उपग्रहाधारित माहिती बाहेर आली आणि मागे घेतली गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना माध्यमांशी बोलू नका म्हणून कळवलं. घरांना तडे गेलेल्या माणसांची भीती त्याने कमी झाली का?

राहिला चळवळ्या होण्याचा आरोप. तुलसी घाटावर जाऊन तो करावा. वीरभद्र मिश्र हे बनारसच्या अभियांत्रिकी संस्थेत जलशक्तीशास्त्राचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत. त्यांनी १९८२ साली संकटमोचन प्रतिष्ठान उभं केलं, घाटावर प्रयोगशाळा चालवली, गंगेच्या पाण्यातल्या मैलाजन्य जीवाणूंची संख्या मोजून जगाला सांगितली. आणि त्याच पाण्यात ते श्रद्धेने स्नानही करत होते. १९८६च्या जूनमध्ये राजीव गांधींनी वाराणसीतूनच गंगा कृती योजना सुरू केली. ती अपुरी पडते आहे, हे मिश्र आकडे हातात घेऊन २०१३मध्ये देह ठेवेपर्यंत सांगत राहिले. त्यांनी बोलणं सोडलं असतं तर त्यांचं विज्ञान अधिक शुद्ध झालं असतं? नदी तर झाली नसतीच.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. हवामान बदलावरच्या प्रत्येक अनुदानित प्रकल्पात माध्यमसंवादाच्या प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद हवी. गंगेच्या मैदानावरच्या प्रत्येक प्रबंधासोबत हिंदीत आणि सह्याद्रीवरच्या प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत चार पानांचा गोषवारा सक्तीचा हवा. बढती आणि नेमणुकीत या कामाची नोंद व्हायला हवी. उन्हाळा सुरू होण्याआधी उष्णता, पाऊस, पूर, पीक या विषयांवर बोलू शकणाऱ्या संशोधकांची यादी वाराणसीतल्या प्रत्येक वृत्तपत्राच्या कचेरीत पोचायला हवी. आणि जो तरुण नावानिशी खरं बोलेल, त्याच्यावर दडपण आलं तर त्याच्या संस्थेने लेखी, जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. यासाठी नवा कायदा लागत नाही. कुलगुरू आणि संचालक यांच्या सहीने हे येत्या मार्चच्या आत होऊ शकतं.